झोकांडी गेली म्हणजे दारूच?

रात्री साडेअकराच्या सुमारास दोन हमालांनी पन्नाशीच्या एका माणसाला आमच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात आणून सोडले. बसस्थानकावर तो भिंतीला धरून धरून चालत होता, मग कोसळला, एवढेच त्यांना ठाऊक होते. बोलणे जड, जीभ अडखळणारी. उभे केले तर पाय फाकवून, डुलत उभा राहायचा आणि मागे कलायचा. निवासी डॉक्टरने केसपेपरवर लिहिले, 'मद्यप्राशन?' सलाइन लावले आणि ट्रॉली भिंतीकडेला सरकवली. त्या रात्री कॉलवर मी होते. फोनवर जे सांगितले गेले ते ऐकून मी म्हणाले, "उतरू दे, सकाळी बघू."

सकाळी त्याची बायको शोधत शोधत आली. रात्रभर बसस्थानक, पोलीस चौकी, नातेवाइकांची घरे असे सगळे धुंडाळून झाले होते. केसपेपरवर काय लिहिले आहे ते कुणीतरी तिला सांगितले असावे. माझ्यासमोर येऊन ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढेच म्हणाली, "मॅडम, माळकरी माणूस आहे हा. उभ्या जन्मात थेंब घेतला नाही त्यांनी." मी वळून पाहिले. सदऱ्याच्या आत गेलेली तुळशीची माळ त्याच्या गळ्यात होती. रात्री छातीला नळी लावून तपासणाऱ्याला ती दिसली नव्हती आणि फोनवरून सल्ला देणाऱ्या मला दिसणे शक्यच नव्हते. "वास येत होता का?" असे मी निवासी डॉक्टरला विचारले. तो म्हणाला, "नीट आला नाही मॅडम, पण चालणं तसंच होतं."

बाईच्या कापडी पिशवीत गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. एक आमच्याच औषध खिडकीवरून मिळालेली, दुसरी गावच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. नावे वेगळी, रंग वेगळे, पण दोन्हींत औषध एकच : फेनिटॉइन. त्याला फिट्स यायच्या. मध्यंतरी एक मोठी फिट आली, म्हणून गावात दुसरी गोळी सुरू झाली आणि पहिली कुणी बंद करायला सांगितली नाही. तीन आठवडे तो दोन्ही घेत होता.

फेनिटॉइन हे स्वस्त आणि चांगले औषध आहे, पण त्याची एक खोड आहे. यकृत ते ठरावीक वेगानेच निकामी करू शकते. त्या मर्यादेच्या आत डोस वाढवला तर रक्तातले प्रमाण बेताने वाढते. मर्यादा ओलांडली की मात्र थोडीशी वाढही रक्तातले प्रमाण एकदम वर नेते. सांडव्यापेक्षा पाण्याची आवक जास्त झाली की धरण भरतच जाते, तसे. आणि जास्त झालेले हे औषध सर्वांत आधी गाठते ते लहान मेंदूला. दारूही नेमके तिथेच जाते. म्हणून दोघांची चाल सारखी दिसते.

लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली असतो. केस कापताना न्हावी मान वाकवायला लावून जिथे मशीन फिरवतो, त्याच्या जरा वर. पाठ्यपुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. ओपीडीत मी लहान मेंदू म्हणते. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, म्हणजे सगळ्या मेंदूच्या एक दशांशाच्या आसपास. पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ६९०० कोटी पेशी या एवढ्याशा गोळ्यात आहेत. विचार, भाषा, स्मरण यांचे श्रेय ज्या मोठ्या मेंदूला मिळते, त्याच्या वाट्याला त्या मानाने थोड्याच उरतात. या आकड्यांनी मी अजूनही थबकते. निसर्गाने पेशींची एवढी मोठी गुंतवणूक नेमकी कशासाठी केली असेल?

पहिले ठोस उत्तर १८२४ साली पिएर फ्लूरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दिले. लहान मेंदू काढलेले कबुतर लुळे पडत नव्हते. पंख हलत होते, पाय हलत होते, त्याला दिसत होते, ऐकू येत होते. फक्त या हालचालींची एकत्र मोट बांधून उडणे किंवा चालणे त्याला जमत नव्हते. ताकद आणि ताळमेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळले. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स हे ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर फ्रान्समध्ये डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेल्या जवानांना तपासत होते. गोळीने बहुधा एकीकडचाच लहान मेंदू जखमी झालेला असे, त्यामुळे एकाच माणसाचा चांगला हात आणि बिघडलेला हात शेजारी ठेवून पाहता येई. त्यांनी १९१७ साली लिहून ठेवलेल्या तपासण्या मी आजही वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवते. त्यांच्या एका रुग्णाने आपली अवस्था फार नेमकी सांगितली होती. चांगला हात आपोआप चालतो, पण दुसऱ्या हाताची प्रत्येक हालचाल आधी विचार करून करावी लागते, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

इथे एक गंमत सांगायला हवी. अर्धांगवायूत उजवा मेंदू बिघडला की डावी बाजू जाते, हे बहुतेकांना माहीत असते. लहान मेंदूचे तसे नाही. त्याची उजवी बाजू उजव्याच हातापायांचा कारभार पाहते. त्याच्याकडून निघालेले संदेश वाटेत दोनदा बाजू बदलतात, म्हणून पुन्हा मूळ बाजूला येतात. मधला भाग धडाचा आणि पायांचा तोल सांभाळतो. दारूने आधी खराब होतो तो प्रामुख्याने हाच भाग. म्हणून वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे पाय गेलेले असतात, हात मात्र बरेचसे ठीक असतात.

आता समोर चहाचा कप आहे आणि तुम्ही तो उचलता आहात अशी कल्पना करा. दंडाच्या पुढच्या-मागच्या, खांद्याच्या, मनगटाच्या आणि बोटांच्या डझनावारी स्नायूंना वेगवेगळ्या क्षणी काम करायचे असते. हात निघाला की त्याला वेळेवर ब्रेकही लागला पाहिजे, नाहीतर कप आडवा होईल. हा ब्रेक हात कपाशी पोचल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावर मारून भागत नाही. डोळ्यांकडून बातमी येऊन मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत जाईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग तरी उलटतो आणि तोवर हात पुढे गेलेला असतो. त्यामुळे मेंदूला अंदाज बांधावा लागतो : इतका जोर लावला तर हात अमुक क्षणी अमुक ठिकाणी असेल, तेव्हा ब्रेक आत्ताच मार. हा अंदाज बांधणारा लहान मेंदू. हुकूम मोठ्या मेंदूचा असतो. त्याची प्रत लहान मेंदूकडे येते, स्नायू आणि सांध्यांकडून चालू स्थितीची बातमी येते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांकडून डोक्याची बातमी येते. या सगळ्यांचा मेळ घालून तो हुकूम पोचता पोचताच त्यात दुरुस्ती करतो.

स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, याचेही उत्तर इथेच आहे. तुमचे बोट तुमच्याच कुशीत केव्हा आणि कसे लागणार, हे लहान मेंदूने आधीच ओळखलेले असते.

आणि अंदाज चुकला की तो शिकतो. सायकल शिकताना गुडघे फुटतात ते त्याच्या शाळेच्या दिवसांत. लहान मेंदूत पुरकिंजे पेशी नावाच्या मोठ्या, पंख्यासारख्या फांद्या पसरलेल्या पेशी असतात. यान पुरकिंजे या चेक शास्त्रज्ञाने १८३७ साली त्यांचे वर्णन केले. अशा एका पेशीला लाखाच्या वर तंतूंकडून बातम्या येतात. शिवाय तिला वेलीसारखा बिलगलेला एकच एक तंतू असतो. हालचाल फसली की हा तंतू तिला जोरात कळवतो आणि त्या चुकीला जबाबदार असलेले धागे हळूहळू सैल पडत जातात, असे आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. सराव म्हणतात तो पेशींच्या पातळीवर बराचसा असा दिसतो.

एका बाईंची तक्रार मी विसरलेले नाही. हात दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, हंडा उचलते. पण भाकरी थापता येत नाही. भाकरी एका बाजूला जाड होते, दुसरीकडे फाटते. दोन ठिकाणी त्यांना अशक्तपणाचे टॉनिक मिळाले होते. मी त्यांना एका तळव्यावर दुसरा हात भराभर उलटा-सुलटा करायला सांगितले. डाव्या हाताला ते लयीत जमले, उजवा गोंधळला. माझ्या बोटाला आणि स्वतःच्या नाकाला आलटून पालटून बोट लावायला सांगितले. उजवे बोट नाकाजवळ येता येता थरथरू लागले आणि गालावर जाऊन आदळले. कंपवातात हात स्वस्थ असताना थरथरतो आणि काहीतरी करायला घेतले की बहुधा थांबतो. इथे उलट. स्वस्थ हात शांत, आणि नेम जवळ येईल तशी थरथर वाढत जाते. कंपवातात अक्षर बारीक होत जाते, लहान मेंदूच्या आजारात मोठे आणि वेडेवाकडे. बाईंच्या लहान मेंदूत उजव्या बाजूला क्षयाची गाठ निघाली. औषधांनी ती विरघळली. भाकरी थापता येण्याची तपासणी कुठल्याही पाश्चात्त्य पुस्तकात नाही, पण मी तेव्हापासून बायकांना आवर्जून विचारते.

कारणांची यादी लांबलचक आहे, सगळी इथे देत नाही. वर्षानुवर्षे फुटणाऱ्या कानाकडे दुर्लक्ष केल्यास तिथला पू हाड पोखरून लहान मेंदूत जाऊ शकतो. कांजिण्यांनंतर लहान मूल अचानक झोकांड्या देत चालू लागते. पालकांची गाळण उडते, पण बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ववत होतात. याच्या उलट, मुलाला सकाळी उठल्यावर उलट्या होत असतील, डोके दुखत असेल आणि चाल बिघडत चालली असेल, तर जंताच्या किंवा पित्ताच्या औषधांत आठवडे घालवू नयेत. मुलांमधल्या मेंदूच्या गाठी पुष्कळदा याच भागात असतात. विदर्भातल्या डॉक्टरांना आणखी एक कारण चांगले माहीत आहे : उष्माघात. पुरकिंजे पेशींना उष्णता फार लवकर मारते. माणूस शुद्धीवर येतो, ताप उतरतो, घरी जातो, आणि चाल व बोलणे मात्र कायमचे बिघडलेले राहते. उन्हाळ्यात मृतांचे आकडे छापून येतात. असे जगलेले लोक कोणत्याच आकड्यात येत नाहीत.

काही घरांत हा आजार पिढ्यान् पिढ्या चालतो. जनुकातल्या तीन अक्षरांचा एक तुकडा वाजवीपेक्षा जास्त वेळा छापला जातो आणि तिशी-चाळिशीत चाल बिघडू लागते. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी, आणि पुढच्या पिढीत पुष्कळदा तो आधीच्या वयात दिसतो. अशा एका शिक्षिका माझ्याकडे येतात. फळ्यावरचे अक्षर मोठे होत गेले, ही त्यांची पहिली खूण होती. त्यांचे वडील 'पिऊन पिऊन गेले' असे गाव म्हणायचे. खरे काय ते त्यांना स्वतःच्या निदानानंतर कळले. आता संध्याकाळी रिक्षावाले त्यांना पाहून थांबत नाहीत. पर्समध्ये त्या माझ्या सहीचा एक कागद बाळगतात, त्यावर लिहिले आहे की या बाईंना मेंदूचा आजार असून त्या नशेत नाहीत. असा कागद लिहून देताना मला दरवेळी लाज वाटते. या आजाराला मुळातून बरे करणारे औषध अजून नाही. पण फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला तोलाचा नियमित व्यायाम चाल खरोखर सुधारतो, आणि तो थांबवला की कमावलेले पुन्हा जाते.

ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा मात्र याहून तातडीचा आहे. लहान मेंदूलाही अर्धांगवायूसारखा झटका येतो. रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते. त्यात तोंड वाकडे होईलच असे नाही, हातपाय लुळे पडत नाहीत. माणूस एवढेच म्हणतो की गरगरतंय, आणि उलट्या करतो. घरचे म्हणतात पित्त झाले. दवाखान्यात चक्कर थांबवणारे इंजेक्शन मिळते, मानेच्या मणक्याचा एक्स-रे निघतो. पक्षाघात ओळखण्यासाठी आपण लोकांना तोंड, हात आणि बोलणे तपासायला शिकवले, आमच्या भिंतींवरची पोस्टर्सही तेच सांगतात, आणि या तिन्हींत हा रुग्ण पास होतो. सीटी स्कॅन काढला तरी पहिल्या काही तासांत रक्तपुरवठा बंद पडलेला लहान मेंदू त्यात बऱ्याचदा दिसतच नाही, कारण भोवतीच्या जाड हाडांमुळे तो भाग धूसर येतो. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि रुग्ण घरी जातो. पुढच्या तीन-चार दिवसांत मेलेला भाग सुजतो. कवटीच्या त्या कप्प्यात जागा फार थोडी. सूज पुढे मेंदूच्या देठावर दाबते, पाण्याचा मार्ग बंद होतो, आणि कालपर्यंत बोलणारा माणूस बेशुद्ध होतो. वेळेत न्यूरोसर्जनकडे पोचला तर मागचे हाड काढून त्याला वाचवता येते, आणि वाचलेले लोक पुष्कळदा चालते-फिरते होतात. उशीर झाला तर हातात काही उरत नाही.

म्हणून सगळ्याच चक्करींना घाबरायचे का? नाही. कूस बदलताना किंवा वर पाहताना अर्ध्या-पाऊण मिनिटासाठी गरगरणारी चक्कर कानातल्या सुट्या खड्यांची असते, त्रासदायक असली तरी निरुपद्रवी, आणि डोक्याच्या विशिष्ट हालचाली करून ती खाटेवरच बरी करता येते. कानाच्या नसेला सूज आली तर चक्कर काही दिवस टिकते, तोल एका बाजूला जातो, पण माणूस साधारणपणे उभा राहू शकतो. ज्याला अचानक आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता येत नाही, एकाचे दोन दिसते, बोलणे जड झाले आहे, किंवा मानेमागे कधी नव्हे इतके दुखते आहे, त्याला, वय काही असो, आधी झटका समजूनच तपासले पाहिजे. रक्तदाब, मधुमेह असेल तर आणखीच लवकर. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि ते तास पित्ताच्या गोळीत जातात.

आमच्या बाजूने यात फार पैशांचे काम नाही. एमआरआयसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी रांगा आहेत, ते खरे; पण ज्यावरून निदान सुटते ती गोष्ट यंत्राची नाही. चक्कर येणाऱ्या रुग्णाला खाटेवरून उठवून दोन पावले चालवून पाहिले जात नाही. खाटेवर पडून त्याचे हातपाय शाबूत दिसतात, म्हणून केसपेपरवर 'नॉर्मल' लिहिले जाते. मी माझ्या युनिटमध्ये नियम केला आहे : चक्करीचा रुग्ण चालवल्याशिवाय घरी पाठवायचा नाही, आणि चालता येत नसेल तर सीटी काहीही म्हणो, भरती करून घ्यायचा. राज्यभरातल्या अपघात विभागांत हा नियम लेखी व्हायला हरकत नसावी. पोस्टर्सवरही तोल आणि दृष्टी हे दोन शब्द वाढवता येतील.

दारूबद्दलही तसेच. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालवणे ही बऱ्याच देशांत पोलिसांची नशा ओळखण्याची परीक्षा आहे आणि नेमकी तीच आमची लहान मेंदूची परीक्षा आहे. म्हणजे त्या परीक्षेत नापास होण्याने लहान मेंदू बिघडला एवढेच कळते, कशाने ते कळत नाही. आणि वास आला म्हणून प्रश्न मिटत नाही. प्यायलेला माणूसही डोक्यावर पडतो, त्यालाही झटका येतो. काही तासांत शुद्धीवर आणि ताळ्यावर न येणारा 'दारुडा' पुन्हा तपासायचा, हे मी आता नवीन निवासी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगते, आणि का सांगते तेही सांगते.

त्या माळकरी गृहस्थांची दुसरी पट्टी बंद केली, पहिलीचा डोस काही दिवस आवरला. एकदम सगळे बंद केले असते तर फिट आली असती. आठवडाभरात डोळे स्थिर झाले, दहाव्या दिवशी ते वॉर्डातल्या फरशीच्या रेषेवरून चालत खिडकीपर्यंत गेले. चाल पूर्ण पहिल्यासारखी झाली नाही. काही पेशी कायमच्या गेल्या असाव्यात. मी त्यांची आणि त्यांच्या पत्नीची माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या मॅडम, लांबून तसंच दिसत असंल." पुढे कितीतरी वर्षे ते दर महिन्याला औषधाला यायचे. केसपेपर पुढे करण्याआधी पिशवी उलटी करून घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडायचे.